वरच्या शेताचं पाणी

जयाबाईनं भाताच्या दोन ओळींमधल्या पाण्यात हात घातला आणि ओंजळ वर काढली. ओंजळीत पाण्यापेक्षा मासेच जास्त. बोटाएवढे, पोटं वर करून मेलेले. ते तिनं बुट्टीत टाकले आणि पुन्हा वाकली. पुढच्या ओळीत एक बेडूक पाय ताणून पडला होता, त्याच्या अंगाला लागून एक खेकडा. खेकड्याच्या नांग्या ढिल्या पडल्या होत्या. जिवंत असता तर त्यानं तिचं बोट सोडलं नसतं. तिनं तोही उचलून बुट्टीत टाकला.

काल दिवस मावळेपर्यंत हे सगळं हलत होतं. बेळगुंदीच्या त्या उतारावर, आपल्या शेताच्या मधोमध उभं राहून जयाबाईनं काल उजळणीसुद्धा केली होती. वडगावच्या बाया आल्या की आधी मासे दाखवायचे, मग बेडूक, मग वाळक्या फांद्यांवर बसून अळ्या टिपणारे कोतवाल पक्षी, मग बांधावरची रानभाजी, आणि सगळ्यात शेवटी वांगी. आता पाण्याला वास येत होता. उग्र, घशाशी बसणारा. त्या वासाशी तिची जुनी ओळख होती आणि जुनं वैरही.

तिनं वर बघितलं. वरचं शेत थोरल्या दिराचं, नागोजीचं. त्याच्या शेतातलं पाणी बांधाच्या तोंडातून तिच्या शेतात उतरायचं. पाणी वरून खाली येतं हे कळायला काही शास्त्री लागत नाही. आणि नुसतं पाणीच असतं तर एक वेळ चाललं असतं. तिनं कोतवालांसाठी शेतात जागोजाग रोवलेल्या फांद्या उपटलेल्या होत्या. उपटून फेकल्या असत्या तरी तिनं समजून घेतलं असतं. त्यांची मोळी बांधून, वर काथ्याची गाठ मारून, ती बांधाला नीट टेकवून ठेवली होती. बांधावरचा कुर्डू, घोळ, गवत, सगळं खुरप्यानं साफ. न्हाव्यानं डोकं भादरावं तसा बांध भादरला होता. म्हणजे हा गडी अंधारात आपल्या शेतात उतरला, सवडीनं सगळी नासधूस केली आणि वर चिडवायला मोळी बांधून ठेवून गेला. जयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुंडू, तिचा नवरा, सायकल हातात धरून बांधावर आला. रविवार असला तरी त्याची उद्यमबागच्या फौंड्रीत पाळी होती. हँडलला जेवणाचा डबा लोंबत होता.

"काय गं? काय झालं?"

"बघा की. तुमच्या भावाचं काम."

गुंडूनं बुट्टीत डोकावलं आणि नाकाला रुमाल लावला.

"कशावरनं त्येचं?"

"मग पानी काय खालनं वर चढतंय व्हय?"

गुंडू म्हणाला, "आज पाव्हनं यायचं हाईत. तोंड करू नगंस. सांजचं मी बोलतो त्येच्यासंगं."

"वाटनी झाल्यापासनं तुमची सांज व्हायचीच ऱ्हायलीया."

तो सायकलवर टांग मारून गेला. गुंडू चांगला माणूस होता, पण त्याचा चांगुलपणा दुष्काळातल्या ढगासारखा, सावली पडायची आणि पाऊस दुसरीकडं जायचा. जयाबाईनं त्याच्या पाठीकडं रागानं बघितलं आणि पुन्हा पाण्यात हात घातला.

वाटणीच्या वेळी नागोजीनं बांध कोरला, असं जयाबाईचं म्हणणं. जयाबाईनं पंचांपुढं थोरल्या दिराला चोर म्हटलं, असं नागोजीचं म्हणणं. दोन्ही म्हणणी खरीच होती. तेव्हापासून बांधाला बांध लागून होता, पण तोंडाला तोंड नव्हतं. नागोजी बांधावर दिसला की ती पदर ओढून पाठ करायची. लग्नकार्यात एका पंगतीला बसायची वेळ आली तर ती वाढपात शिरायची. वर्षं अशी गेली की दोघांनाही आता त्याची सवय झाली होती.

किडीच्या औषधाशी तिचं वैर त्याच्याही आधीचं. माहेर निपाणीकडचं, तंबाखूचं गाव. तिचा धाकटा भाऊ मष्णू तंबाखूवर औषध मारता मारता सरीतच कोसळला. वाचला. पण त्याचे हात अजून थरथरतात, चहाची बशी धरता येत नाही, त्याची बायको त्याला लेकरासारखा चहा पाजते. बेळगुंदीत सोसायटीत तसल्याच बाटल्या आल्या तेव्हा जीपमधून एक साहेबही आले होते. देवळापुढं उभं राहून ते अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलले. त्यांचं बोलणं कुणाला कळलं, कुणाला नाही. बाटली मात्र सगळ्यांना कळली. तिच्यावर काय लिहिलंय ते इंग्रजीत होतं. त्या दिवशीच जयाबाईनं ठरवलं, आपल्या शेतात हे येणार नाही. तिनं वांग्यांवर चुलीतली राख उडवली, फांद्या रोवल्या, पाण्यात मासळी राहू दिली. भात थोडं कमी व्हायचं, पण व्हायचं. वांग्यांचं मात्र असं की काही वांगी किडायचीच.

आणि वांगी विकायची वडगावात. बुट्टी डोक्यावर घेऊन ती विणकरांच्या गल्लीतून फिरायची. घराघरातून मागांचा खडखडाट, त्यामुळं हाक मोठ्यानं द्यावी लागायची. एका सकाळी रोजचीच गिऱ्हाईक असलेल्या मालुबाईनं वांगं मोडून बघितलं, आत अळी निघाली आणि तिनं ते सरळ गल्लीत भिरकावलं.

"असली किडकी वांगी तुझ्या घरात घाल बाई. बाजारात बघ कशी तुकतुकीत मिळत्यात."

जयाबाईनं बुट्टी खाली आपटली होती. "ज्या वांग्यात किडा जगतोय ते खाऊन मानूस मरत न्हाय. तुकतुकीत वांग्याला किडासुदीक शिवत न्हाय, त्ये तू पोरास्नी घाल." गल्ली गोळा झाली. तेव्हा शेजारच्या घरातली अंजनाबाई, प्राथमिक शाळेतली मास्तरीण, हसत पुढं आली आणि म्हणाली, मग दाखव की एकदा आम्हाला तुझं शेत. आम्ही माग चालवणाऱ्या बाया, भात झाडाला लागतं का वेलीला तेही आम्हाला माहीत नाही.

रागात दिलेलं ते आवतण होतं. पण जयाबाईनं ते मनावर घेतलं. त्यानंतर गल्लीत जाईल तिथं ती थांबून समजावायची, मासळी कशासाठी, राख कशासाठी, भोक पडलेलं वांगं का घ्यायचं. आज त्या बाया बघून पटून गेल्या तर त्या गल्लीत तिची किडकी वांगी खपणार होती. पटलं नाही, तर तिलाही बाटली आणायला लागणार होती, कारण नुसत्या कमी भातावर घर चालत नव्हतं. एवढा साधा हिशेब होता. आणि आजच्याच दिवशी नागोजीनं तिच्या पाण्यात विष ओतलं.

तिनं बुट्टीवर फडकं टाकलं आणि बुट्टी कमरेवर घेतली. बसथांब्याकडून येणारी पायवाट नागोजीच्या शेतातूनच खाली उतरायची. बाया तिथंच भेटणार होत्या. नागोजीही असणार, मजा बघायला. सगळ्यांच्या देखत ही बुट्टी त्याच्या पायांवर पालथी करायची आणि म्हणायचं, हे बघा आमचं नातं. पुढं काय होईल ते होवो. ती चढ चढू लागली. पायवाटेवरची फुटकी पायरी नवा दगड बसवून दुरुस्त केलेली होती. औषधाचा पंप पाठीवर घेऊन उतरायला सोपं पडावं म्हणून केली असणार, असं ती मनात म्हणाली आणि त्या दगडावर मुद्दाम जोरानं पाय आपटला.

वर पोचली तर बाया आलेल्याच होत्या. सात-आठ जणी, नव्या चपला घालून, एकमेकींचे हात धरून बांधावरून चालत होत्या. अंजनाबाई पुढं. आणि त्यांच्यासमोर नागोजी उभा होता, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात ताकाची कळशी, पायाशी पिण्याच्या पाण्याची दुसरी.

"या बायांनो, हळू या. दगूड नवा बशीवलाय तरी जपून. गुंडूच्या घरचं पाव्हनं म्हंजे आमचंच की. घोट घोट ताक घ्या, उन्हातनं आलासा."

अंजनाबाईनं जयाबाईला बघून हात वर केला. "जयाक्का! हे कोण? तुझे दीर का? बघ बाई, किती अगत्य. आम्ही म्हटलं शेतात चिखलच चिखल असेल. हे तर आरशासारखं ठेवलंय."

जयाबाईची बोटं बुट्टीच्या काठाभोवती घट्ट झाली. नागोजीनं तिच्याकडं बघितलं नाही, इतक्या वर्षांची सवय. तो अंजनाबाईशीच बोलत राहिला, पण आवाज जरा मोठा करून, जिला ऐकू जायचं तिला जाईल इतका.

"आमच्यातलं काय बी असू द्या बाई. पाव्हनं येनार म्हनल्यावर शेत वंगाळ दिसून चालंल? बांध साफ केलं. त्या वाळक्या फांद्या उगं मसनवाट्यागत दिसत हुत्या, त्या काडून ठेवल्या. आनि आज तांबडं फुटायच्या आदी औषध मारून घेटलं. माझ्याबी शेताला, खालच्याबी. तुमास्नी दावायला एक किडा गावायचा न्हाय."

तो हे अभिमानानं सांगत होता. जत्रा आली की लोक घराला चुना काढतात. नागोजीनं भावाच्या शेताला औषध काढलं होतं. वाटणीनंतर पहिल्यांदा त्यानं या घरासाठी काही केलं होतं आणि ते असं केलं होतं.

जयाबाई जागच्या जागी उभी राहिली. त्यानं ताकाचा पेला भरून अंजनाबाईपुढं धरला तेव्हा ताक हिंदकळून त्याच्या मनगटावर सांडलं. हात थरथरत होता. डोळे तांबारलेले होते. तोंडाला फडकं न बांधता पंप मारलाय मेल्यानं, हे तिला तिथूनच कळलं. मष्णूचा हात असाच थरथरायचा. तिला रडायला आलं नाही, उलट आणखी राग आला. या माणसाच्या अंगावर काय टाकायचं आता? बुट्टी पालथी करायला आलेली ती, आणि हा ताक घेऊन उभा.

आणि मग तिला त्याच्या बोलण्यातला दुसरा शब्द ऐकू आला. खालच्याबी. म्हणजे पाण्यातून उतरलेलं नव्हतं. त्यानं तिच्या शेतात, तिच्या वांग्यांवर पंप मारला होता. सकाळच्या दवात तिला ते दिसलं नव्हतं.

तिनं गर्रकन मागं बघितलं. ताकासाठी न थांबलेल्या दोघी-तिघी केव्हाच खाली उतरल्या होत्या. मालुबाई सगळ्यात पुढं, वांग्यांच्या झाडांत, ओटी भरून.

"अगं या, बघा तरी," मालुबाई खालून ओरडत होती. "आज एक बी किडा दिसंना. गल्लीत मातूर आमास्नी किडकी आनून देतीस व्हय गं?"

खुरपताना बांधावर राखलेल्या वेलाचं काकडीसारखं एक वाळूक तिनं तोडलं होतं. लुगड्याला पुसलं आणि तोंडाकडं नेलं.

जयाबाई उतारावरून कशी खाली आली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं मालुबाईच्या हातावर फटका मारला. वाळूक चिखलात पडलं. मालुबाईच्या ओटीतली वांगी सांडली.

"खाऊ नगं. औषध मारलंय त्येला. सगळ्यालाच मारलंय. हात धू आदी, कळशीतल्या पान्यानं धू, ह्या शेतातल्या नगं."

बाया जमल्या. अंजनाबाई साडी सावरत खाली आली. मागून पाण्याची कळशी घेऊन नागोजी.

"औषध?" अंजनाबाई म्हणाली. "तू तर म्हणत होतीस, माझ्या शेतात औषध येत नाही. यांना मारायला कुणी सांगितलं?"

उत्तर सोपं होतं. ते उत्तर द्यायलाच तर ती बुट्टी घेऊन निघाली होती. नागोजी तिथंच उभा होता, पटक्याचा शेव खांद्यावर नीट करत, पाहुण्यांपुढं. जयाबाईनं त्याच्याकडं बघितलं, आणि तिच्या पाहुण्यांसाठी ताक घेऊन आलेल्या माणसाला त्यांच्यापुढं उघडं पाडायला तिची जीभ उचलेना.

"मी," ती म्हणाली.

मालुबाईनं कपाळावर हात मारला. "बघा. हीबी मारतीया. आनि गल्लीत येऊन आमास्नी शानपना शिकीवतीया. बसचं भाडं घालून ह्येच बघाय आलतो व्हय आमी?"

कुणी हसलं, कुणी हसलं नाही. अंजनाबाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात नागोजी पुढं झाला. त्याला वाईट वाटलं होतं, ते त्याच्या आवाजात उघड होतं.

"न्हाय ओ बाई. तिनं कुठलं सांगितलं? म्या माझ्या मनानं मारलं. कोंबडं आरवायच्या आदी उठून, पंप पाठीवर घिऊन. तिला काय ठाऊक सुदीक न्हाय." आणि मग, न राहवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं बघून, "केल्यालं मानायचं न्हाय तर न्हाई, पर म्या केल्यालं आपल्या नावावर घिऊ नगंस की."

जयाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. तिनं लपवलेलं पाप त्याला पुण्य वाटत होतं आणि ते तिनं चोरलं म्हणून तो रुसला होता. वडगावच्या उंबऱ्या-उंबऱ्यावर तिनं जीभ झिजवली होती. मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून परक्या बायांना मासळी आणि बेडूक समजावले होते. बांधापलीकडं मात्र एक शब्द टाकला नव्हता. गावातला प्रत्येक जण औषध मारत होता, साहेब मारा म्हणत होते, सोसायटी बाटल्या देत होती; या म्हाताऱ्याला वेगळं कुणी सांगायचं होतं? जी सांगू शकत होती ती पाठ करून उभी होती. तिला स्वतःचाच संताप आला.

तिनं पाहुण्यांकडं पाठ केली. बुट्टी बांधावर ठेवली, फडकं काढलं.

"भावजी, बसा हितं."

नागोजी गोंधळला. पण बसला.

"ह्ये काय हाय?"

"मासं."

"कुठलं?"

नागोजीनं बुट्टीत बघितलं, मग भाताकडं बघितलं. "हितलं?"

"हितलं. काल जित्तं हुतं. ह्ये मासं डासाची अंडी खात्यात, ह्यो बेडूक किडं खातोय. तुमी काडल्याल्या फांद्यावर पाखरं बसत हुती, ती अळ्या खायाची. तुमी कुर्डू खुरपलासा, घोळ खुरपलासा, ती मी भाजीला न्हेत हुते. तुमच्या औषधानं अळी मेली असंल. पर तिला खानारंबी समदं मेलं. आता पुढची अळी कोन खानार? तुमी?"

तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो खाली आणला नाही. बाया बुट्टीभोवती जमल्या होत्या. मालुबाईसुद्धा हात धुता धुता थांबली होती. त्या ज्यासाठी बस धरून आल्या होत्या ते त्यांना ऐकायला मिळत होतं, फक्त त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

नागोजीनं एक मासा दोन बोटांत धरला. बोटं थरथरत होती म्हणून मासाही हलत होता.

"आनि मानसाला?" त्यानं विचारलं.

"तुमचा हात बघा की. कशानं कापाय लागलाय? माझा मष्णू ठाऊक हाय न्हवं तुमास्नी? त्येला काय वाऱ्यानं झालं व्हय त्ये?"

नागोजीनं मासा परत बुट्टीत ठेवला. स्वतःच्या हाताकडं त्यानं बघितलं नाही. तो गावाकडं, घराच्या दिशेला बघत होता.

"भाजी धुतल्यावर जातंय न्हवं त्ये?" तो हळूच म्हणाला.

"कसली भाजी?"

"तुझ्या जावंनं, रुक्मीनं, तू शेतात यायच्या आदीच न्हेलीया. हितलीच वांगी, बांधावरची वाळकं... तुझ्या पाव्हन्यास्नी दुपारचं आमच्यात जेवाय घालायचं म्हनून. घरातली पोरं तिथंच हाईत समदी, चुलीम्होरं, वाळकं मागत..."

पुढचं जयाबाईनं ऐकलं नाही. तिनं लुगड्याचा काचा खोचला आणि चढाला लागली. नव्या दगडावरून, भादरलेल्या बांधावरून, नागोजीच्या भातातून सरळ वाट काढत ती पळत सुटली. मागं कळशी पडल्याचा आवाज आला, मग म्हाताऱ्याच्या अनवाणी पायांचा. थोरल्या दिराचं नाव तोंडात घ्यायचं नसतं. जयाबाई पळता पळता ते नाव घेऊन त्याला शिव्या देत होती, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा, इतक्या वर्षांच्या साठवलेल्या, आणि पाठीमागून धापा टाकत नागोजी एकेका शिवीला "व्हय, व्हय पोरी, पळ" म्हणत येत होता.